कीटकनाशक जनुकांना धक्का लावतं का? फळमाशीच्या पंखावर तपासायची रीत

कीटकनाशकाने माशी मरते हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. मरणाच्या खालच्या मात्रेत जी माशी जगली, तिच्या पेशींतल्या डीएनएला काही झालं का, हे शोधायचं तर मात्र वेगळी तयारी लागते. ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पांसाठी हा विषय सुचणं साहजिक आहे. एकीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी औद्योगिक पट्टा, दुसरीकडे वाशीचं एपीएमसी मार्केट, आणि पावसाळ्यात गल्लीबोळांतून फिरणारी महापालिकेची धूरफवारणी. औषध आणि फळ दोन्ही हाताशी, आणि फळ आलं की चिलटं, म्हणजेच फळमाश्या, आल्याच.

माझ्या मते अशा प्रकल्पांत पंखावरचे डाग मोजताना फारसं कोणी घसरत नाही. घसरतात ते मात्रा ठरवताना आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेचे गट, लावताना. कीटकनाशक हे मुळात कीटक मारायलाच बनवलंय आणि आपण तेच कीटकाला चारतोय. म्हणून या लेखात मात्रेवर जास्त वेळ घालवणार आहे, बाकीचं थोडक्यात.

कोणती चाचणी निवडावी

हर्मन मलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी माशीत उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांत बदल, होतात हे दाखवलं, त्याबद्दल १९४६ चं नोबेल मिळालं. त्या वाटेने आलेली जुनी चाचणी म्हणजे लिंगसंलग्न अप्रभावी घातक उत्परिवर्तनांची, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या, नराला जगू न देणाऱ्या बदलांची. औषध दिलेल्या नरांचं एक्स गुणसूत्र मलर-५ वाणाच्या माद्यांमधून दोन पिढ्या पुढे न्यायचं आणि ज्या व्हायलमध्ये (माश्या वाढवायच्या लहान नळीत) एकही साध्या डोळ्यांचा नर निघत नाही ती व्हायल धरायची. चाचणी चोख आहे, पण आपोआप घडणाऱ्या अशा उत्परिवर्तनांचं प्रमाणच इतकं कमी की फरक दिसायला हजारो व्हायल लागतात. रसायनांच्या चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने या चाचणीची मार्गदर्शिका २०१४ मध्ये यादीतून काढूनही टाकली. दोन सेमिस्टरच्या प्रकल्पात तिच्या नादी लागू नये.

कॉलेजच्या आवाक्यातली चाचणी म्हणजे पंखावरच्या डागांची. सगळे तिला स्मार्ट (सोमॅटिक म्युटेशन अँड रिकॉम्बिनेशन टेस्ट) म्हणतात. उल्रिख ग्राफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८४ मध्ये मांडली. एकच पिढी, दोन आठवड्यांत प्रौढ माश्या हातात, आणि साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकावर काम होतं. पंखाचे वाण मिळालेच नाहीत आणि विभागात पांढऱ्या डोळ्यांचा वाण असेल, तर त्याच तत्त्वावरची डोळ्याची चाचणी करता येते: लाल डोळ्यात पांढऱ्या नेत्रिकांचा ठिपका शोधायचा. स्लाइड बनवाव्या लागत नाहीत, पण माश्या ताज्या असतानाच बघून संपवाव्या लागतात. दोन्हींतलं एक निवडायचं तर मी पंख निवडेन, कारण स्लाइड वर्षभर टिकते आणि शंका आली की पुन्हा बघता येते.

पंखावर दिसतं काय

माशीच्या पंखावरच्या प्रत्येक पेशीला एक केस असतो. एका पंखावर अशा साधारण २४,४०० पेशी तपासता येतात. तिसऱ्या गुणसूत्राच्या डाव्या भुजेवर दोन जनुकं आपल्या कामाची. पहिलं मल्टिपल विंग हेअर्स, म्हणजे एमडब्ल्यूएच. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर एका पेशीतून एकाऐवजी तीन-चार केस निघतात. दुसरं फ्लेअर. ते बिघडलं की केस आखूड, जाड, वेडावाकडा होतो, कधी नुसताच गोळा. प्रयोगातल्या अळीत दोन्हींची एकेक प्रत बिघडलेली आणि एकेक चांगली असते, त्यामुळे पंख सर्वसाधारण दिसतो.

अळीच्या शरीरात पंखाची चकती असते, तिचाच पुढे पंख होतो, आणि तिच्यातल्या पेशी भराभर विभागत असतात. अशा एखाद्या पेशीतली चांगली प्रत गेली की तिची सगळी पिल्लावळ बिघडलेले केस घेऊन येते. पंखावर तोच डाग. घटना लवकर घडली तर डाग मोठा, कोषाच्या तोंडावर घडली तर एका-दोन पेशींचा.

या चाचणीची खरी गंमत जोडडागात आहे. एमडब्ल्यूएच आणि फ्लेअर असे दोन डाग शेजारी-शेजारी दिसले, तर ते फ्लेअर आणि गुणसूत्रबिंदू यांच्यामध्ये झालेल्या पुनर्संयोजनामुळेच, म्हणजे जोडीतल्या दोन गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केल्यामुळेच. एकटा डाग उत्परिवर्तन, गुणसूत्राचा तुकडा गळणं किंवा पुनर्संयोजन यांपैकी कशानेही येऊ शकतो. मग एकट्या डागाचं कारण कसं ओळखायचं? त्याचीही सोय आहे. फ्लेअरच्या दोन्ही प्रती बिघडलेली माशी जगत नाही, म्हणून तो वाण टीएम-३ नावाच्या बॅलन्सर, म्हणजे आतला क्रम उलटापालट झालेल्या, गुणसूत्रासोबत सांभाळतात. या बॅलन्सरवर बीडेड-सेरेट ही खूण असते आणि तिने पंखाची कड कुरतडल्यासारखी होते. फ्लेअरच्या माद्या आणि एमडब्ल्यूएचचे नर एकत्र केले की एकाच व्हायलमधून दोन प्रकारची संतती निघते: अखंड कडेची आणि कुरतडलेल्या कडेची. कुरतडलेल्या पंखांत बॅलन्सरच्या उलटापालटींमुळे पुनर्संयोजनातून डाग बनत नाही. अखंड पंखांवर डाग वाढले आणि कुरतडलेल्यांवर वाढले नाहीत, तर औषधाचा परिणाम मुख्यतः पुनर्संयोजनाचा. एवढी माहिती एका क्रॉसमधून, म्हणजे एका संकरातून, मिळते. तरी बरेच जण कुरतडलेले पंख मोजायचा कंटाळा करतात.

वाण मिळवणं आणि जगवणं

म्हैसूर विद्यापीठाचं ड्रॉसोफिला स्टॉक सेंटर आणि बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेची माशी-सुविधा, या दोन ठिकाणी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पाठवून आधी चौकशी करा. अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनहून मागवायचं तर जिवंत कीटकांच्या आयातीचे कागद करावे लागतात आणि त्यात महिने जातात. जूनमध्ये विषय मंजूर झाला की त्याच आठवड्यात पत्र गेलं पाहिजे.

खाद्य घरगुती सामानातून होतं. म्हैसूरची चाल अशी: एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, १० ग्रॅम अगर, आणि उतरवल्यावर ७.५ मिली प्रोपिऑनिक आम्ल. गूळ विरघळला की रवा हळूहळू सोडत ढवळत राहायचं, गुठळी झाली तर अळ्या तिच्यावरच गर्दी करतात. पातळ शिऱ्यासारखं झालं की बाटल्यांत ओतायचं, वर यीस्टचे दोन थेंब. कापसाचा बोळा घट्ट हवा.

आपल्याकडची संकटं ठरलेली. माश्यांना २५ अंश हवेत आणि मे महिन्यात खोलीत ते शक्य नाही, म्हणजे इनक्युबेटर हवाच. वीज गेली की तो आतून तापतो, तेव्हा दार उघडून ठेवायला कोणीतरी असावं. पावसाळ्यात बुरशी आणि माइट्स. दर पंधरा दिवसांनी माश्या ताज्या बाटलीत घ्या आणि जुनी बाटली खोलीत ठेवू नका. आंब्याच्या दिवसांत रानटी चिलटं लॅबमध्ये घुसतात आणि एखादा नर बाटलीत शिरला की वाण भ्रष्ट झाला. जेवणाचा डबा त्या खोलीत उघडू नका.

आणि धूरफवारणी. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत गाडी कॉलेजच्या भिंतीलगत येते तेव्हा धुरातलं पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक खिडकीतून आत येतं. तुमचा कंट्रोलसुद्धा मग औषध खाल्लेला होतो. वॉर्ड ऑफिसमधून फवारणीचे दिवस विचारून घ्या, त्या दिवशी खिडक्या बंद ठेवा आणि नोंदवहीत तारीख लिहा. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज पेस्ट कंट्रोल करून घेणार असेल, तर त्याआधी वाणांचा एक संच दुसऱ्या इमारतीत हलवा.

मात्रा

कोणतं औषध आणि कोणत्या रूपात, हे आधी ठरवा. दुकानातल्या बाटलीत मूळ रसायनाबरोबर द्रावकं आणि पायसकारक असतात. ईसी (पाण्यात दुधाळ मिसळणारं द्रावण) लिहिलेल्या बाटलीत तर सेंद्रिय द्रावक भरपूर. डाग वाढले, तर ते रसायनामुळे की द्रावकामुळे? शुद्ध रसायन परवडलं तर उत्तम. नाही परवडलं तर अहवालात ‘बाजारातील अमुक मिश्रण’ असंच लिहा, नुसतं रसायनाचं नाव लिहू नका. डासांच्या कॉइलचा धूर देऊन बघण्याची कल्पना विद्यार्थ्यांना फार आवडते. तिच्यापासून लांब राहा. भुसा जळताना निघणारी संयुगं स्वतःच डीएनएला घातक असतात, त्यामुळे दोष कुणाचा हे कधीच ठरत नाही. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर जुने संदर्भ भरपूर सापडतात, पण त्यावर भारतात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे आणि ते हवेत उडून शेजारच्या व्हायलमध्येही जातं.

बाटलीवरच्या चौकोनातला रंग बघा: लाल, पिवळा, निळा, हिरवा. हा रंग एकाच वेळी पोटात किंवा त्वचेवाटे गेल्यावर किती घातक, एवढंच सांगतो. हिरवा आहे म्हणून जनुकांना निर्धोक, असा त्याचा अर्थ काढता येत नाही. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत ही गल्लत वारंवार होते.

आता हिशोब. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या बाटलीवर १७.८ टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण) लिहिलेलं असतं. मुलं एका मिलिलिटरमध्ये १७८ मिलिग्रॅम धरतात. पण हे टक्के वजनाला वजन आहेत. त्या द्रावणाचा एक मिलिलिटर साधारण १.१२ ग्रॅम भरतो, म्हणजे त्यात २०० मिलिग्रॅम औषध असतं. सुरुवातीलाच अकरा-बारा टक्के चूक. बरोबर हिशोबाने ०.५ मिली बाटलीतलं द्रावण १०० मिलीपर्यंत पाण्याने भरलं की लिटरला १,००० मिलिग्रॅमचं मूळ द्रावण तयार. अहवालात मिलिमोलरही द्यायचं असेल, तर इमिडाक्लोप्रिडचा रेणुभार २५५.७, म्हणजे १ मिलिमोलर म्हणजे लिटरला साधारण २५६ मिलिग्रॅम.

मूळ द्रावण दहा-दहा पटीने पातळ करत पाच-सहा पायऱ्या करा आणि प्रत्येक पायरीवर ७२ तासांच्या अळ्या मोजून सोडा. किती प्रौढ निघतात ते बघा. जिथे सगळ्या मरतात आणि जिथे जवळजवळ सगळ्या जगतात त्या दोन पायऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात पुन्हा दुपटी-दुपटीने मात्रा लावा. यातून निम्म्या अळ्या मारणारी मात्रा काढता येते. खऱ्या प्रयोगातली सर्वांत वरची मात्रा अशी हवी की साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश अळ्या प्रौढ होतील, आणि तिच्याखाली निम्म्या-निम्म्याने आणखी दोन तरी. वरची मात्रा फार सौम्य ठेवली आणि डाग दिसले नाहीत, तर परीक्षक विचारणार की अळीपर्यंत औषध पोचलं याला पुरावा काय. थोडी मर हाच तो पुरावा. फार कडक ठेवली तर मोजायला माश्याच उरत नाहीत, आणि उरतात त्या कदाचित कमी खाल्लेल्या.

मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या औषधांत ही कमी खाण्याची भानगड खरीच असते. अळी सुस्त होते, तोंड हलत नाही. खाद्यात खाण्याचा निळा रंग चिमूटभर टाकून, अर्ध्या-एक तासाने अळीचं आतडं निळं दिसतं का, हे कंट्रोलच्या अळीशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुढे ‘परिणाम नाही’ असा निकाल आला तर याच नोंदीला वजन येतं.

क्रॉस दोन प्रकारचे असतात. साधा क्रॉस वर सांगितलाच. दुसऱ्यात फ्लेअरच्या माद्यांची पहिली दोन गुणसूत्रं डीडीटीला दाद न देणाऱ्या ओरेगॉन वाणाची असतात आणि त्यांच्यात सायटोक्रोम पी-४५० विकरं जास्त असतात. शरीरात बदल होऊन मगच घातक बनणारी रसायनं या क्रॉसमध्ये पकडली जातात. पण कीटकनाशकांच्या बाबतीत इथे पेच आहे. हीच विकरं काही औषधं निष्प्रभ करतात, तर क्लोरपायरिफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेटला अधिक विषारी ऑक्सॉनमध्ये बदलतात. त्यामुळे एका क्रॉसची मात्रा दुसऱ्याला लावू नका, मर दोन्हींत वेगवेगळी मोजा. वेळ नसेल तर एकच क्रॉस नीट करा.

अळ्या आणि खाद्य

फ्लेअरच्या माद्या कुमारी हव्यात. कोषातून निघून आठ तासांच्या आतल्या घ्या. फिकट अंग, न उलगडलेले पंख आणि पोटावर हिरवट-काळा ठिपका, ही खूण. सकाळी बाटली रिकामी करून दुपारी गोळा करणं सोयीचं. एमडब्ल्यूएचच्या नरांबरोबर दोन-तीन दिवस ठेवून, मग यीस्टचा जाड थर दिलेल्या बाटलीत आठ तास अंडी घालू द्या आणि माश्या काढून टाका. अंड्यांपासून ७२ तासांनी, चार तास इकडे-तिकडे, अळ्या मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून गाळून घ्या आणि साध्या पाण्याने नीट धुवा.

औषध खाद्यात मिसळताना उष्णता टाळलेली बरी. तयार इन्स्टंट खाद्य असेल तर १.५ ग्रॅमवर ५ मिली औषधाचं द्रावण ओतलं की झालं. ते महाग वाटलं तर बटाट्याचे कोरडे फ्लेक्स चालतात, मात्र सगळ्या गटांना तेच द्या. अळ्या मोजून सोडा आणि प्रत्येक व्हायलमध्ये संख्या सारखी ठेवा. कोष होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन दिवस, त्या हेच खातात. औषधाच्या व्हायल वाणांच्या इनक्युबेटरमध्ये कधीही ठेवू नका. पायरेथ्रॉइड काचेला चिकटून राहतं, म्हणून काचसामान वेगळं आणि त्यावर मार्करची खूण.

कंट्रोल तीन: पाणी; द्रावक, तुम्ही जो वापरला असेल त्याच प्रमाणात; आणि खात्रीने डाग पाडणारं रसायन. तिसऱ्यासाठी साध्या क्रॉसमध्ये ईथाइल मिथेनसल्फोनेट, दुसऱ्या क्रॉसमध्ये युरेथेन चालतं. दोन्ही कर्करोगकारक. धूरकपाटात, नायट्राइलचे हातमोजे घालून, मार्गदर्शक समोर असतानाच. कॉलेजात धूरकपाट नसेल तर हा गट स्वतः करू नका, जिथे सोय आहे त्या संस्थेत करून घ्या. हा गट वगळायचा नाही. त्यात डाग वाढले नाहीत तर बाकीचे आकडे निरर्थक.

स्लाइड

निघालेल्या माश्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. अखंड आणि कुरतडलेले पंख वेगळे करा, बारीक चिमट्याने पंख मुळाशी धरून काढा आणि स्लाइडवर जोडीजोडीने रांगेत मांडा. एका माशीचे दोन पंख एकमेकांशेजारी. माउंटंट, म्हणजे पंख स्लाइडवर बसवायचा चिकट द्राव: गम अरेबिक ३० ग्रॅम, ग्लिसरॉल २० मिली, क्लोरल हायड्रेट ५० ग्रॅम, पाणी ५० मिली. कव्हरस्लिपवर थोडं वजन ठेवून एक रात्र जाऊ द्या. पावसाळ्यात सुकायला जास्त वेळ लागतो, घाई केली तर बुडबुडे.

मोजायला ४०० पट. पंखाला दोन थर असतात, त्यामुळे फोकस वर-खाली करत वरचा आणि खालचा, दोन्ही बघा. एका-दोन पेशींचा डाग लहान, तीन आणि वर मोठा, आणि जोडडाग वेगळा. केस नुसते तुटलेले किंवा दुमडलेले असतील तर सोडून द्या. दोन केसांच्या एकट्या पेशीवर वाद होतोच, त्यासाठी नियम आधी लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तोच पाळा. स्लाइडवर गटाचं नाव नको. मैत्रिणीला त्यावर सांकेतिक आकडे टाकायला सांगा आणि कुठला आकडा कुठल्या गटाचा, ही यादी तिच्याकडेच राहू द्या.

आकडे

प्रत्येक गटात ४० पंखांपासून सुरुवात. निर्णयासाठी फ्राय आणि वुर्गलर यांची १९८८ ची पद्धत वापरतात. तिच्यात दोन प्रश्न असतात. डाग वाढलेच नाहीत, हे गृहीतक टिकतं का? आणि ते कंट्रोलच्या ठरावीक पट झाले, हे टिकतं का? लहान आणि एकूण डागांसाठी ही पट २, मोठ्या आणि जोडडागांसाठी ५.

समजा कंट्रोलच्या ४० पंखांवर १४ डाग आणि औषधाच्या ४० पंखांवर २२. प्रमाण दीडपटीहून थोडं जास्त. पहिल्या प्रश्नाची संभाव्यता साधारण ०.१२, दुसऱ्याची ०.३०. दोन्ही गृहीतकं टिकतात, म्हणजे निकाल अनिर्णित. इथे ‘परिणाम नाही’ लिहून मोकळं होणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. आता तेच प्रमाण ठेवून १२० पंख मोजले, ४२ विरुद्ध ६६. पहिली संभाव्यता ०.०१ च्या आसपास येते, दुसरी ०.१३. पहिलं गृहीतक पडलं, दुसरं उभं राहिलं, निकाल होकारार्थी. म्हणून माश्या फेकू नका, जादा माश्या अल्कोहोलमध्ये राखून ठेवा. एका माशीचे दोन पंख पूर्णपणे स्वतंत्र नसतात, तेव्हा माशी हे एकक धरून मान-व्हिटनीची चाचणीही लावून बघा.

अहवाल आणि कचरा

निकाल नकारार्थी आला तर वाक्य असं असावं: ‘या वाणाच्या अळ्यांना, या मात्रांपर्यंत, खाद्यातून दिलं असता पंखाच्या पेशींत डागांची वाढ आढळली नाही.’ माणसाला सुरक्षित, शेतकऱ्याला निर्धोक, असं काही त्यातून निघत नाही. होकारार्थी आला तरी वर्तमानपत्राकडे धावू नका. औषधांच्या नोंदणीसाठी जीवाणूंवरच्या आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींवरच्या चाचण्या लागतात. माशीचा निकाल त्यांच्या शेजारी ठेवून वाचायचा.

औषधाचं उरलेलं खाद्य आणि पहिली धुणावळ सिंकमध्ये ओतू नका, झाकणाच्या डब्यात साठवा. तळोज्यात घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं केंद्र आहे. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाचा कचरा बहुधा कुठल्यातरी अधिकृत वाटेने जातच असतो, त्यांच्याबरोबर तुमचाही द्या. ईथाइल मिथेनसल्फोनेट लागलेली प्रत्येक वस्तू आधी सोडियम थायोसल्फेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर बुडवा. स्लाइड मात्र तोंडी परीक्षेपर्यंत क्रमाने पेटीत ठेवा. बाहेरून आलेले परीक्षक आकड्यांच्या तक्त्यावर एक नजर टाकतात आणि जोडडाग असलेली एखादी स्लाइड लावून दाखवायला सांगतात, तेव्हा ती कितव्या खाचेत आहे आणि डाग पंखाच्या कुठल्या भागात आहे, हे नोंदवहीत लिहिलेलं असावं.